वॉर्डातली हवा कुणाच्या भरवशावर?

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललेलं बऱ्यापैकी तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे... म्हणजे..." तेवढे गाळलेत.

आजचा विषय आहे दवाखान्यातली हवा. ती दिसत नाही आणि तिचं उद्घाटनही कुणी करत नाही. नवीन सीटी स्कॅन मशीन आलं की फीत कापतात, पेढे वाटतात, पेपरात फोटो येतो. छतावरच्या एसी प्लँटचा फिल्टर बदलला म्हणून कधी फीत कापलेली पाहिलीय का? पण ऑपरेशन थिएटरमध्ये पोट उघडून झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने त्या फिल्टरची किंमत सीटी स्कॅनपेक्षा कमी नाही.

सुरुवात आपल्या गावातूनच करू. छत्रपती संभाजीनगरात घाटी दवाखाना कुणाला माहीत नाही? जालना, बीड, परभणी, बुलढाणा, सगळीकडचे पेशंट शेवटी घाटीत येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय हे त्याचं कागदावरचं नाव. गाव मात्र घाटीच म्हणतं. आणि घाटीचा रस्ता कोणता? पाणचक्की रोड. दवाखान्यापासून जवळच ती जुनी पाणचक्की आहे. आपण तिथे पाहुण्यांना घेऊन जातो, पाण्याचा धबधबा दाखवतो, सेल्फी काढतो आणि परत येतो.

पुढच्या वेळी गेलात तर दोन गोष्टी बघा. पहिली, तिथल्या हौदाखाली एक मोठं दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. वर पाणी, खाली माणसं. भर उन्हाळ्यात आत शिरलं की अंगाला गारवा जाणवतो. आपल्या गावातला हा जुना एसीच म्हणा, कॉम्प्रेसर नसलेला.

दुसरी गोष्ट तिथे उभं राहून दिसत नाही, ती वाचावी लागते. हे पाणी शहराच्या उत्तरेच्या डोंगरातून जमिनीखालच्या नहरीने येतं. या शहराला नहरीची सवय लावली मलिक अंबरने, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. नहर-ए-अंबरी ती हीच. पाणचक्कीची नहर त्यानंतरची, पण विद्या तीच. जमिनीखाली पाट आणि वाटेत ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं, कुठे दगडी मनोरे. त्यातून आत उतरून गाळ काढता यायचा आणि नळात कोंडलेली हवा बाहेर निघायची. थोडक्यात, बांधणाऱ्याने पहिल्या दिवशीच विचार केला होता की हे तुंबणार आहे, कुणालातरी आत हात घालावा लागणार आहे, तर त्या हातासाठी जागा ठेवू.

नहरी कितीतरी पिढ्या चालल्या. नंतर तोंडांवर बांधकामं झाली, गाळ काढणारा माणूस उरला नाही, आणि शहर जायकवाडीच्या पाण्याकडे वळलं. पुढचं सगळं माहितीच आहे, नळाला किती दिवसाआड पाणी येतं ते घरी विचारा.

"हाताला जागा" हे लक्षात ठेवा. ते पुढे लागणार आहे.

आता दवाखान्याकडे. दवाखान्याच्या हवेचा इतिहास फ्लॉरेन्स नाइटिंगेलशिवाय सांगता येत नाही. शाळेच्या पुस्तकात ती दिवा घेतलेली बाई म्हणून भेटते. खरं तर तिच्या हातात दिव्यापेक्षा आकडेवारी जास्त शोभते. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात सैनिक जखमांपेक्षा जुलाब, कॉलरा, टायफस अशा रोगांनी जास्त मरत होते. १८५५ च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने स्वच्छतेसाठी एक आयोग तिथे पाठवला. त्यांनी गटारं उपसली, हवा खेळायची सोय केली आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. नाइटिंगेल हे विसरली नाही. १८५९ मधल्या तिच्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात तिने रोग्याच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी स्वच्छ ठेवणं, पण रोग्याला गारठू न देणं, याला सगळ्यात वरचं स्थान दिलं. पुढे हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्यावर आलेल्या १८६३ च्या अहवालासाठी तिने प्रचंड काम केलं. गंमत म्हणजे ती भारतात एकदाही आली नाही.

त्या विचारातून दवाखान्याची एक ठरावीक रचना जगभर पसरली. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना समोरासमोर मोठ्या खिडक्या, उंच छत, बाहेर व्हरांडा. आपल्याकडच्या जुन्या सरकारी दवाखान्यांत शिरलात की हेच दिसतं. आपल्याला वाटतं साहेब लोकांना ऐसपैस आवडायचं म्हणून छत उंच. तसं नाही. ते छत म्हणजे औषध होतं.

आता यातला मजेशीर भाग ऐका. नाइटिंगेलची थिअरी चुकीची होती. तिचा विश्वास होता की रोग घाणीच्या वासातून, कुबट हवेतून तयार होतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाही सरकारी डोक्यात हीच कल्पना होती. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद करायला लागला, तेही हवा खेळावी म्हणून. पुढे तर चाळीच्या खोलीत उजेड आणि हवा यावी म्हणून समोरची इमारत किती उंच असावी याचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम केला गेला. प्रत्यक्षात प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा! हवेचा आणि त्या गाठींचा संबंध नव्हता. गरिबांची घरं मात्र पडली. तरीही त्या नियमाने उघडलेल्या हवेचा उपयोग दुसऱ्या एका रोगाविरुद्ध झाला असणार. तो रोग म्हणजे टीबी.

क्षयरोग म्हटलं की जुन्या पिढीला सॅनेटोरियम आठवतं. मिरजेजवळ वानलेसवाडीला डॉ. वानलेस यांच्या मिशनने उभारलेलं सॅनेटोरियम पश्चिम महाराष्ट्रात प्रसिद्ध होतं. औषध नव्हतंच. मोकळी हवा, सकस अन्न आणि आराम एवढाच उपचार. थंडीतसुद्धा खाटा व्हरांड्यात टाकायच्या. त्याने पेशंट किती बरे व्हायचे यावर वाद आहे. पण एक गोष्ट नकळत होत होती. खोकणाऱ्या माणसाने सोडलेली हवा कोंडून राहत नव्हती.

आता १९५६ हे साल बघा. त्या वर्षी आपल्या गावात घाटीचं मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याच वर्षी मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. टीबीच्या अर्ध्या पेशंटना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, अर्ध्यांना घरीच, आणि सगळ्यांना तीच औषधं दिली. निकाल जवळपास सारखा. घरच्यांनाही जास्त लागण झाली नाही. गरीब देशांसाठी ही फार मोठी बातमी होती. वर्षभर घर सोडून जायची गरज संपली. पण याचा एक परिणाम कुणी मुद्दाम केला नाही तरी झाला. गोळ्या आल्या तशी खिडकीची इज्जत गेली. हवेचा विचार डॉक्टरांच्या डोक्यातून निघाला आणि बांधकाम खात्याकडे गेला.

आणि नेमकं त्याच सुमाराला अमेरिकेत, बाल्टिमोरमध्ये, उलट दिशेचा पुरावा गोळा होत होता. विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली या दोघांनी एका दवाखान्यात टीबीच्या पेशंटचा सहा खाटांचा वॉर्ड घेतला आणि त्यातली सगळी हवा पाइपने गच्चीवरच्या खोलीत नेली. तिथे ठेवले होते दीडशेच्या आसपास गिनीपिग. पेशंटचा आणि त्या प्राण्यांचा संबंध फक्त हवेचा. ना स्पर्श, ना थुंकी. तरी महिन्याला दोन-चार गिनीपिगना टीबी होत गेला. मग तशाच दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या हवेवर अतिनील किरण सोडले, तर तिथे लागण नाही. टीबी हवेतून जातो याचा याहून साधा पुरावा मी तरी वाचलेला नाही. त्या गिनीपिगांचा कुठेतरी पुतळा हवा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

म्हणजे बघा, चुकीची थिअरी असताना आपण खिडक्या मोठ्या बांधल्या. खरी थिअरी हाती आली तेव्हा खिडक्या लहान व्हायला लागल्या! कारण तोपर्यंत एअर कंडिशनर आला होता.

एसीबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आपल्या घरातला भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो, परत सोडतो. दहा माणसं बसलेल्या ओपीडीत स्प्लिट एसी लावून खिडक्या बंद केल्या तर ती दहा माणसं एकमेकांनी सोडलेली हवाच फिरवून फिरवून घेत असतात. गार हवा आणि ताजी हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हवा किती वेळा बदलते याचं एक माप आहे. खोलीत जेवढी हवा मावते तेवढी ताजी हवा तासात किती वेळा येते ते मोजायचं. सहा वेळा येत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला साधारण ४६ मिनिटं लागतात, बारा वेळा येत असेल तर २३ मिनिटं. २००७ मध्ये पेरू देशातल्या लिमा शहरात काही संशोधकांनी आठ दवाखान्यांतल्या खोल्या मोजल्या. खिडक्या-दारं उघडी ठेवली की तासाला साधारण २८ वेळा हवा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांसाठी धरलेला आकडा होता १२. आणि सगळ्यात भारी काय? १९५० च्या आधीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत ४०, आणि नंतरच्या आधुनिक इमारतींत १७.

आता लगेच "जुनं ते सोनं" असं कमेंटमध्ये टाकू नका. लिमा समुद्राकाठचं सौम्य हवेचं गाव आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ ला टेकतो, लू वाहते, धूळ उडते. जळालेल्या पेशंटच्या वॉर्डात किंवा नवजात बाळांच्या कक्षात खिडकी उघडून कसं चालेल? ऑपरेशन थिएटरला तर गाळलेली हवाच लागते. म्हणून यंत्र हवं, वाद नाही. आणि खिडकीलाही देखभाल लागतेच की. बिजागरी गंजलेली, कडी तुटलेली, डासांच्या जाळीवर धुळीचा थर, नाहीतर कबुतरं येतात म्हणून खिळे ठोकून बंद. मराठवाड्यात आणखी एक प्रकार, खिडकीत कूलर बसवायचा. कूलर निदान बाहेरची हवा तरी आत आणतो. पण त्याच्या टाकीतलं पाणी आठवड्याला काढून टाकी कोरडी केली नाही तर त्यात डेंग्यूचे डास वाढतात. डेंग्यूच्या वॉर्डात डास पाळल्यासारखं!

मग ते मोठं यंत्र काम कसं करतं? गच्चीवर किंवा मधल्या मजल्यावर पत्र्याची मोठी पेटी असते, तिला एएचयू म्हणतात. बाहेरची थोडी हवा आणि आतली परतीची हवा त्यात एकत्र येते. आधी जाडा फिल्टर, मग बारीक फिल्टर, मग थंड कॉइल, मग पंखा, आणि थिएटर असेल तर शेवटी हेपा फिल्टर. हा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. थिएटरमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी आतली हवा बाहेर जाते, बाहेरची घाण आत येत नाही. टीबीच्या खोलीत बरोब्बर उलटं. दाब कमी, म्हणजे आतली हवा कॉरिडॉरमध्ये येऊ नये.

आता हे बिघडतं कसं? धडाम करून बंद पडत नाही, हाच घोळ आहे. जाडा फिल्टर धुळीने भरतो, पंख्याला हवा ओढवत नाही, पट्टा सैल पडतो, दाब हळूहळू उतरतो. एसी मात्र गारच लागतो, म्हणून तक्रार कुणी करत नाही. कॉइलखालच्या ट्रेमध्ये पाणी साचतं, निचऱ्याची नळी तुंबते, तिथे बुरशी धरते, आणि तीच हवा आत जाते. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन भरलं होतं. त्यातले कितीतरी जण न्यूमोनियासारख्या आजाराने पडले, तीसच्या आसपास दगावले. कारण सापडायला महिने लागले. एक नवाच जिवाणू निघाला, त्याला नाव पडलं लेजिओनेला. पाण्यात वाढणारा, आणि संशय गेला तो हॉटेलच्या एसी यंत्रणेवर. हवा देणारं यंत्रच रोग देऊ शकतं हे जगाला तेव्हा कळलं.

मागे एका नातेवाइकांसोबत मी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात चार रात्री काढल्या. नाव सांगत नाही. खोलीतल्या एसीच्या झडपांभोवती छतावर काळपट नक्षी उमटली होती. मी मेंटेनन्सच्या दादांना विचारलं, तर ते बिचारे मला बाजूला घेऊन बोलले. डक्ट साफ करायचा तर फॉल्स सीलिंग फोडावं लागेल, कारण आत जायला झडपच ठेवलेली नाही. सीलिंग फोडायचं तर वॉर्ड रिकामा करावा लागेल, आणि वॉर्ड रिकामा करायला मॅनेजमेंट तयार नाही. फिल्टर मागितला की स्टोअरमधून विचारणा येते, मागच्याच वर्षी तर घेतला होता. त्यांच्या रजिस्टरमध्ये तीन महिन्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केल्यासारख्या होत्या. मला त्या माणसाचा राग आला नाही. मला ती नहर आठवली. चारशे वर्षांपूर्वी गाळ काढणाऱ्यासाठी तोंड ठेवलं होतं, आणि आपण आज करोडोंच्या इमारतीत हाताला जागा ठेवत नाही.

मग २०२० आलं. चिकलठाण्यात मेल्ट्रॉन कंपनीच्या इमारतीत महापालिकेने कोविड सेंटर केलं, घाटीत नव्या सुपर स्पेशालिटी इमारतीतही पेशंट ठेवले. पण जागतिक आरोग्य संघटना २८ मार्चला ट्वीट करत होती की कोविड हवेतून पसरत नाही. बाल्टिमोरचे गिनीपिग विसरलो ते असे! आपण वर्षभर भाजी धुतली, पार्सलवर सॅनिटायझर मारला. संघटनेने हवेतल्या प्रसाराबद्दल स्पष्ट लिहिलं ते २०२१ च्या एप्रिलअखेर, आपल्याकडे दुसरी लाट शिगेला पोचली तेव्हा.

त्या वेळी आपल्या गावाच्या बातम्यांत एक शब्द रोज होता. व्हेंटिलेटर. घाटीला आलेल्या दीडशे व्हेंटिलेटरबद्दल तक्रारी झाल्या, केंद्राने वापर नीट होत नसल्याचं म्हटलं, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गाजलं. ते गाजायलाच हवं होतं. पण शब्दाची गंमत बघा. आपल्या आजीच्या घरात व्हेंटिलेटर म्हणजे दाराच्या वरची छोटी झडप होती! त्या व्हेंटिलेटरबद्दल, म्हणजे वॉर्डात हवा येते का याबद्दल, एकही मथळा माझ्या वाचनात आला नाही. यंत्र बंद पडलं की बातमी होते. हवा बंद पडली की होत नाही.

बातमी झाली ती आग लागल्यावर. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारमध्ये एका कोविड दवाखान्याच्या आयसीयूत आग लागली आणि पंधरा पेशंट गेले. सुरुवात एसी यंत्रणेतून झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षात दहा बाळं गेली, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयू पेटलं. प्रत्येकाची कारणं वेगळी, त्यांची सरमिसळ मी करत नाही. पण बंद खोली, सतत चालणारी विजेची यंत्रं, भरपूर ऑक्सिजन आणि धूर बाहेर जायला वाट नाही, हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणा. हवेची वाट ही धुराचीही वाट असते.

आणि जे गाजत नाही तेही सांगतो. मुंबईत शिवडीला टीबीचं मोठं रुग्णालय आहे. तिथे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच टीबी झाल्याच्या, काही जण त्यात गेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. पेशंट काही आठवडे राहून जातो. वॉर्डबॉय, आया, सिस्टर, सफाई कामगार वीस-वीस वर्षं तीच हवा घेतात. केंद्र सरकारने २०१० मध्ये दवाखान्यांतल्या हवेतून होणाऱ्या संसर्गाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याआधी २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आकडा दिला होता, साध्या वॉर्डात दर पेशंटमागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा, आणि हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या खोलीत १६०. कागद तयार आहेत. पण हे मोजायला घाटीत काय किंवा कुठे काय, रोज शिडी लावून वर चढणारा माणूस लागतो. तो बहुतेक ठिकाणी कंत्राटावर असतो, आणि कंत्राट नूतनीकरणाच्या फाइलमध्ये अडकलेलं असतं.

तुम्ही पुढच्या वेळी कुणाला भेटायला दवाखान्यात गेलात तर थोडं वर बघा. झडपांभोवती काळं आहे का? एक्झॉस्ट फॅन फिरतोय, की त्यात घरटं आहे? ऑपरेशन थिएटरच्या कॉरिडॉरचं दार विटेने टेकवून उघडं ठेवलंय का? तसं असेल तर आतला दाब गेला. हवा कुठून कुठे जाते हे बघायला इंजिनिअर लोकसुद्धा उदबत्तीचा धूर वापरतात. तुम्ही मात्र वॉर्डात उदबत्ती लावू नका, तिथे ऑक्सिजन असतो! खिशातला रुमाल दाराच्या फटीशी धरला तरी कळतं.

दवाखान्यात मेंटेनन्सचं काम करणारं कुणी हे ऐकत असेल तर मला मेसेज करा. नाव न घेता तुमचा अनुभव पुढच्या भागात सांगेन. पुढचा भाग नहरींवरच आहे. आज त्यातल्या किती वाहतात आणि त्यात अजून कोण उतरतं, त्यावर. भेटू.